फेसाळ लघवी आणि बंद केलेल्या गोळ्या

बाजाराचा दिवस असल्याने आमची ओपीडी सकाळपासूनच भरली होती. ती सासूबाईंबरोबर आली. वय २४, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. केसपेपरवर तक्रार लिहिलेली, ‘पायांना सूज, अशक्तपणा’. बोलत होत्या त्या सासूबाईच. “मॅडम, सकाळी उठली की डोळे सुजलेले असतात हिचे. रक्त कमी असंल. एक बाटली लावा, म्हंजी तरतरी येईल.”

सिस्टरनी बीपी घेतलं आणि पट्टा न सोडताच मला हाक मारली. १७०/११०. मी दुसऱ्या हातावर घेतलं, तेवढंच. या वयात एवढं बीपी असलं की आधी किडनीकडे बघायचं.

लघवी तपासायच्या पट्ट्या त्या दिवशी संपलेल्या होत्या, म्हणून लॅबमधल्या टेक्निशियनने जुन्या पद्धतीने तपासणी केली. परीक्षानळी पाऊण भरायची, वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा आणि मग ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. निरोगी लघवी तशीच नितळ राहते. हिच्या नळीत वरचा भाग तापताच दुधी झाला आणि ॲसिड पडल्यावर फाटलेल्या दुधासारखा चोथा धरला. एवढं प्रोटीन लघवीवाटे चाललं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींचे कास्टही, म्हणजे पेशी चिकटून बनलेले नळीच्या आकाराचे साचे, दिसले. हे कास्ट किडनीच्या बारीक नलिकांमध्येच तयार होतात. मूत्राशयातून किंवा पाळीतून आलेल्या रक्तात ते सापडत नाहीत. म्हणजे किडनीच्या गाळण्यांमध्येच दाह होता.

सासूबाईंना रक्ताच्या चिठ्ठ्या घेऊन काउंटरवर पाठवलं आणि तिला विचारलं, “आधी कसल्या गोळ्या चालू होत्या का गं?”

बराच वेळ ती ओढणीचं टोक मुडपत राहिली. मग म्हणाली, “होत्या. ल्युपस आहे म्हणाले होते. लग्न ठरलं तेव्हा आईनं बंद केल्या. स्टिरॉइडनं चेहरा सुजतोय म्हणाली. आणि मॅडम, तेव्हा मला काहीच दुखत नव्हतं हो. सांधे एकदम मोकळे झाले होते.”

ल्युपस म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. सासरी कुणालाच माहीत नव्हतं. अलीकडे बोटं पुन्हा आखडायला लागली, तेव्हा तिने मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून लपवून घेतल्या. आधीच दाह झालेल्या किडनीवर त्या गोळ्यांचा आणखी ताण.

त्या आईवर मला राग धरता आला नाही. आजारी मुलीचं लग्न मोडतं, हे तिने आजूबाजूला पाहिलेलं असणार. पण ल्युपसमध्ये माणसाला हैराण करतात ते सांधे, ताप, चेहऱ्यावरची लाली. आणि जिवावर बेततं ते बऱ्याचदा न दुखणारं. किडनी दुखत नाही. लघवीला फेस येतो, सकाळी डोळे सुजतात, बीपी चढतं, बस. सांधे मोकळे झाले म्हणून गोळ्या थांबवणं इथेच घात करतं. तिचे सांधे मोकळे होते ते गोळ्या चालू होत्या म्हणून. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपसमधली नेहमीची गोळी. ती बंद केल्यावर काय होतं, हे कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९१ मध्येच दाखवलं. आजार शांत असलेल्या रुग्णांपैकी काहींची गोळी चालू ठेवली, काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. सहा महिन्यांत खोट्या गोळीवाल्यांमध्ये आजार उसळण्याचा धोका अडीच पट निघाला. त्यात हिचं स्टिरॉइडही एका दिवसात थांबवलेलं. ते नेहमी हळूहळूच कमी करायचं असतं, कारण शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं विसरलेलं असतं.

संध्याकाळी रिपोर्ट आले. क्रिॲटिनिन २.१, म्हणजे किडनी रक्त नीट गाळत नव्हती. पुढे सी-३ आणि सी-४ ही रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रोटीनं, जी ल्युपस उसळला की खर्ची पडतात, दोन्ही घसरलेली आणि आजाराची खूण असलेल्या डीएनएविरोधी अँटिबॉडी खूप वाढलेल्या. धोक्याच्या खुणा एकावर एक चढल्या होत्या: कमी वयात सुरू झालेला आजार, किडनीचा सहभाग, चढलेलं बीपी, खाली गेलेलं कॉम्प्लिमेंट, तुटलेले उपचार. आपल्याकडच्या रुग्णांमध्ये किडनीचा त्रास युरोपातल्या गोऱ्या रुग्णांपेक्षा जास्त दिसतो. आणि पुरुषांना हा आजार क्वचित होतो खरा, पण झाला तर अनेकदा जोरात होतो, म्हणून ‘हा बायकांचा आजार’ म्हणून त्यांच्यात तो नजरेआड करू नये.

तिला विचारलं, “घरी तू सांगशील की मी सांगू?”

“तुम्हीच सांगा. पण मी इथंच बसते.”

नवराही तोवर आला होता. मी आजार समजावला. संसर्गजन्य नाही, कुणाच्या पापाचं फळ नाही, आणि आज हिला शहरात न्यायलाच हवं. सासूबाई गप्प झाल्या. मग सुनेकडे वळून एवढंच म्हणाल्या, “सांगायचं ना गं.” नवऱ्याने रेशनकार्ड आणायला भावाला फोन लावला. त्या क्षणी मला फार हायसं वाटलं.

शहरात किडनीची बायोप्सी झाली, म्हणजे सुईने बारीक तुकडा काढून तपासला. चौथा वर्ग, म्हणजे निम्म्या किंवा त्याहून जास्त गाळण्यांमध्ये दाह. छातीचा एक्स-रे काढून क्षयरोग नाही ना हे बघितलं, गर्भ नाही याची खात्री केली, मग तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि पुढे प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट. क्षयरोग तपासणं आपल्याकडे टाळून चालतच नाही. टोरांटोच्या डॉक्टरांनी १९७६ मध्ये दाखवलं होतं की ल्युपसमधले सुरुवातीचे मृत्यू आजाराच्या उसळीने आणि जंतुसंसर्गाने होतात, नंतरच्या वर्षांतले हृदयविकाराने. जास्त स्टिरॉइड या शेवटच्या दोन्हींना हातभार लावतं, म्हणून ते लागतं तेव्हा पुरेसं द्यायचं आणि जमेल तितक्या लवकर उतरवायचं, शक्यतो रोजच्या पाच मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली. चेहरा सुजण्याची तिच्या आईची भीती खोटी नव्हती. त्यावरचा उपाय डॉक्टरांशी बोलून डोस उतरवणं हा होता.

आता ती दर महिन्याला येते. क्रिॲटिनिन १.१ वर आलंय, प्रोटीन बरंच कमी झालंय, पूर्ण थांबलेलं नाही. बीपीची वही सासूबाईच लिहितात. गेल्या खेपेला त्यांनी दबकत विचारलं, “मॅडम, पाळणा हलेल ना?”

मी सांगितलं, हलू शकतो, पण घाई नको. आधी आजार निदान सहा महिने शांत हवा. मायकोफेनोलेटने गर्भाला इजा होते, म्हणून ते दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी बंद करून त्याऐवजी गरोदरपणात चालणारं ॲझाथायोप्रिन सुरू करायचं आणि त्यावर लघवी नीट राहते का ते बघायचं. बीपीचीही गोळी बदलावी लागेल. अँटिफॉस्फोलिपिड आणि रो अँटिबॉडी तपासून घ्यायच्या. पहिल्याने रक्ताच्या गाठी आणि गर्भपाताचा धोका वाढतो, दुसरीने क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालूच राहणार, आणि त्यासाठी दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासायचा.

सासूबाईंनी वही उघडली आणि म्हणाल्या, “थांबा, सगळं एकेक करून लिहून घेते. पहिली कुठली गोळी बंद करायची?”