मे महिन्यात राजासॉरस रंगवायचा असेल तर

डायनासोरच्या मूर्तीवर ब्रश फिरवणं फार अवघड नाही. आपल्याकडे काम बिघडतं ते ऊन, कूलर आणि बोअरच्या पाण्यामुळे. थंड देशातल्या लोकांची कृती जशीच्या तशी उचलली, तर जळगाव-भुसावळच्या ४४ अंशांत रंग मूर्तीवर पोचायच्या आधी ब्रशच्या केसांतच वाळतो. म्हणून ही कृती इथल्या हवेची आहे. नमुना म्हणून बाजारात मिळणाऱ्या कार्नोटॉरस या मांसाहारी डायनासोरच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या मूर्तीचा राजासॉरस, म्हणजे त्याचा भारतातला भाऊबंद, करू.

राजासॉरसच का? दोघं एकाच घराण्यातले, त्यामुळे आखूड तोंड, नावापुरते हात आणि जाड मान हे सगळं आयतं मिळतं. शिवाय प्राणी आपल्या शेजारचा. त्याची हाडं गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीला १९८० च्या दशकात निघाली आणि २००३ साली त्याचं नाव राजासॉरस नर्मदेन्सिस ठेवलं गेलं. ही नर्मदा म्हणजे नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते तीच. लांबीचा नंतरचा अंदाज साधारण ६.६ मीटरचा आहे. म्हणजे १:४० मापात मूर्ती नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत १६.५ सेंटीमीटर हवी. विकत घेताना पट्टी लावून बघा, खोक्यावरच्या मापावर जाऊ नका.

मूर्ती आधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने घासून घ्या. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर खवल्यांच्या खाचांत बसलेला असतो. तो राहिला तर तिथला रंग पापडासारखा सुटतो. शेवटचं खंगाळणं मात्र बोअरच्या पाण्यात नको, त्यातला क्षार पांढरा डाग ठेवतो. रंगात मिसळायलाही बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी किंवा आरओचं पाणी वापरा. वॉश, म्हणजे खाचांत उतरवायचा पाण्यासारखा पातळ रंग, वाळला की काळ्या खाचांत पांढरी भुकटी दिसते, तेव्हा लोक रंगाला शिव्या देतात. दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो.

कारखान्याचा जुना रंग काढत बसू नये. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर तर जवळही आणू नका, पीव्हीसी चिकट होतं आणि बारीक खवले पुसले जातात.

पाय वाकडे असतील किंवा शेपटी पेटीत दबली असेल तर गरम पाणी हाच उपाय. पाणी उकळून गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि सांडशीने धरून वाकडा भाग दोन-तीन मिनिटं बुडवा. भरीव मूर्तीला थोडा जास्त वेळ लागतो. हवा तसा वळवून लगेच बर्फाच्या पाण्यात धरा आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडू नका. घाईने सोडलं तर पीव्हीसीला जुना आकार आठवतो आणि ते हळूहळू परत वळतं. दोन पायांवर उभ्या मूर्ती उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पुढे झुकतात, त्याचं कारणही हेच मऊ प्लास्टिक. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर तळपायात दीड मिलिमीटरचं भोक पाडून तार घाला आणि ती तार बैठकीत, म्हणजे मूर्तीखालच्या पाटात, रोवा.

आता शिंग. कार्नोटॉरसच्या डोळ्यांवर दोन शिंगं असतात, राजासॉरसच्या कपाळावर मधोमध एकच, ठेंगणं आणि बोथट. दोन्ही शिंगं धारदार कटरने थोडी थोडी करत कापा, एका घावात नाही. कापलेली जागा २२० नंबरच्या कागदाने खरवडा आणि सुईने पाच-सहा खड्डे पाडा म्हणजे पुट्टी धरून राहते. दोन भागांची इपॉक्सी पुट्टी समान घेऊन एकच रंग होईपर्यंत मळायची. रेघा दिसत असतील तर ती मऊच राहणार. हातमोजे घाला. एम-सील सहज मिळतं, पण त्याचा पोत जरा भरड आणि उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटांतच हट्ट धरतं, म्हणून एका वेळी वाटाण्याएवढंच मळा. मिलिपुट मिळालं तर बारीक खवल्यांना तेच बरं, ते तासभर तरी ऐकतं. ओल्या टूथपिकने उंचवटा करा आणि भोवतीच्या कातडीत विरघळवत न्या. नाहीतर कपाळावर बोर चिकटवल्यासारखं दिसतं. घासायचं ते दुसऱ्या दिवशी, ४०० नंबरच्या कागदाने, पाणी लावून, म्हणजे धूळ नाकात जात नाही. शेपटीच्या बारीक टोकावर पुट्टी नको. प्लास्टिक वाकतं, पुट्टी वाकत नाही, आणि जोडावर तडा जातो. पाय मात्र थोडे भरा, राजासॉरस दणकट पायांचा होता.

सगळ्यात जास्त मूर्ती वाया जातात त्या अस्तराच्या थराला. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रेचा डबा घेऊन मूर्तीवर मारला की दिसायला झकास, पण पंधरा दिवसांनीही बोट चिकटतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. ते स्प्रेच्या रंगात झिरपतं आणि रंग कधीच कडक होऊ देत नाही. वरून कितीही वॉर्निश मारा, खालून ते येतच राहतं. म्हणून पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक प्रायमर ब्रशने, दोन पातळ हात. वॅलेहो कंपनीचा पॉलियुरेथेन प्रायमर मिळाला तर छान. कॅनव्हासला अस्तर म्हणून लावतात तो चित्रकलेचा जाडसर जेसो नको, खवले बुजतात. कुठल्याही नव्या डब्याची परीक्षा तळपायावर घ्या, ४८ तास थांबा आणि अंगठा दाबा. ठसा उमटला तर तो डबा दरवाज्याच्या कडीसाठी ठेवा.

वेळ सकाळी सहा ते साडेआठ. धाब्याचं घर असेल तर दुपारचे दोन तास जास्त मिळतात. कूलरसमोर बसण्याचा मोह आवरा. त्याच्या गवताच्या ताट्यांतून कुसं उडतात आणि ओल्या रंगावर बसतात. रंग वाळू नये म्हणून सपाट डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद आणि कागदावर रंग. झाकण लावलं तर मेमध्येही रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. रिटार्डर (रंग उशिरा वाळावा म्हणून मिसळतात ते द्रव्य) घालायचं तर दहा भाग रंगाला एक भाग, त्याहून जास्त झालं की थर चिकट राहतो.

फेविक्रिलच्या १५ मिलिच्या बाटल्यांवर हे काम होतं. रंग दाट असतो, दोन भाग रंगाला एक भाग पाणी धरा आणि तीन पातळ हात द्या. पहिला हात डागाळ दिसणारच, तो झाकायला दाट रंग थापू नका.

राजासॉरसच्या कातडीचा ठसा सापडलेला नाही, त्यामुळे रंग आपल्या कल्पनेचा. पण कल्पनेलाही धरबंद हवा. कार्नोटॉरसच्या कातडीचे ठसे मिळाले आहेत, त्यात खवले आहेत आणि पिसं नाहीत. म्हणून त्याच्या या भावाला पिसांची झालर लावू नका. सिनोसॉरोप्टेरिक्स या दुसऱ्या डायनासोरच्या शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे होते हे २०१० साली रंगकणांवरून कळलं. सिटाकोसॉरस या आणखी एका डायनासोरची पाठ गडद आणि पोट फिकट होतं हे २०१६ साली दिसलं. वरून ऊन पडतं तिथे गडद, सावलीच्या बाजूला फिकट, म्हणजे अंगाचा उठाव लपतो. आपल्या हरणालाही हीच युक्ती ठाऊक आहे. पाठीला बर्न्ट अंबर, कुशीला त्यात यलो ओकर मिसळून, पोटाला ओकर आणि पांढरा. दोन रंगांची सीमा रेघेसारखी नको, ओलसर ब्रशने टिपत न्या. नक्षीसाठी सातपुड्यातली घोरपड बघा. तिचे ठिपके ओळीत असल्यासारखे वाटतात, पण कुठलेच दोन सारखे नसतात. हिरवा राक्षस तर बाजारातच मिळतो, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

मग वॉश. गडद तपकिरी एक भाग, पाणी आठ भाग आणि थोडं मॅट मीडियम, म्हणजे रंगात मिसळायचं बिनचमकीचं पारदर्शक द्रव्य. मीडियम नसेल तर वाळताना कडेला चहाच्या कपासारखी कडी उमटते. एका वेळी एकच पाय किंवा एकच कूस घ्या, साचलेलं पाणी कोरड्या ब्रशने उचला, आणि हेअर ड्रायर लावू नका. वाळल्यावर सुका ब्रश. फिकट रंग घेऊन ब्रश कापडावर जवळजवळ पूर्ण पुसा आणि खवल्यांच्या टोकांवरून हलका फिरवा. पांढरी खडू फासल्यासारखी दिसली तर रंग फार फिका घेतलाय.

डोळ्याची खोबण आधी गडद करा, बुबुळ ओकरचं, बाहुली तासलेल्या टूथपिकच्या टोकाने. पांढरा डोळा आणि मध्ये काळा ठिपका पोळ्याच्या मातीच्या बैलाला शोभतो, राजासॉरस मात्र दचकल्यासारखा दिसतो. दात शुभ्र नकोत. कवडीसारखे पिवळट आणि मुळाशी तपकिरी हवेत.

वॉर्निश मॅट, बाटली मिनिटभर हलवूनच, कारण मॅटपणा आणणारी भुकटी तळाशी बसते. खाचेत साचलं तर पांढरं दिसतं. स्प्रेचं वॉर्निश भर दुपारी मारलं तर थेंब हवेतच वाळतात आणि अंगावर धुळीसारखे बसतात, पावसाळ्यात मारलं तर धुकं धरतं. धुकं धरलंच तर कोरड्या दिवशी ग्लॉसचा हात द्या, बहुधा ते जातं, मग पुन्हा मॅट. डोळ्यावर ग्लॉसचा एक ठिपका सगळ्यात शेवटी. तीन आठवडे तरी मूर्ती पॉलिथिनमध्ये गुंडाळू नका आणि दोन मूर्ती एकमेकींना टेकवून ठेवू नका, उन्हाळ्यात रंग रंगाला चिकटतो.

बैठकीवर काळी माती पसरायचा मोह खान्देशात कुणालाही होईल. फेविकॉलमध्ये कालवली तर वाळताना भेगाही अगदी शेतासारख्या पडतात. पण ही माती दख्खनच्या लाव्हाचा खडक झिजून पुष्कळ नंतर झालेली आहे. राजासॉरसची हाडं लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरांतली, तिथे वालुकाश्म आणि चुनखडक. तेव्हा तापीची वाळू गाळणीने चाळून पसरा आणि फिकट रंगाचा वॉश द्या.

काळी माती वाया जात नाही. चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याचं कोरीव नक्षीचं कवच सापडलं आहे, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचं. म्हणजे शहामृग या मातीवर शोभतो, आणि त्याची स्वस्त मूर्ती कुठल्याही प्राण्यांच्या संचात असते. १:४० मापात नर सहा सेंटीमीटर उंच. अंगाला काळ्यात किंचित निळा, पंखांची टोकं मळकट पांढरी. अंडं त्या मापात चार मिलिमीटरचं होतं. मुगाचा दाणा रंगवून ठेवायची युक्ती सुचेल, पण त्याला पोरकिडे लागतात. उरलेल्या पुट्टीची गोळी करा, सुईने बारीक छिद्रं टोचा आणि सायीचा रंग द्या.