पाद्रीबाबांची देणगी

म्युझियममधल्या जुन्या वस्तू लुटूनच आणलेल्या का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऑक्सफर्डला आलेल्या पाहुण्यांना अ‍ॅशमोलियन म्युझियम दाखवायला नेलं की इजिप्तच्या दालनात प्रश्न ठरलेला: "हे सगळं लुटीचंच ना हो?" हो-नाही करण्यापेक्षा मी एका चुनखडीच्या कोरीव दगडाची हकिगत सांगते.

दगड दिला रॉबर्ट हंटिंग्टन यांनी, 1683 साली. म्युझियम उघडलं तेच वर्ष. हंटिंग्टन पाद्री. सीरियातल्या अलेप्पोला लेव्हंट कंपनी या इंग्रज व्यापारी कंपनीची वखर होती, तिथल्या इंग्रज व्यापाऱ्यांची उपासना चालवायला दहाएक वर्षं राहिले. जीव मात्र सगळा पोथ्यांत. पुढे 1693 साली ऑक्सफर्डच्याच बॉडलियन ग्रंथालयाने त्यांच्याकडून सहाशेवर हस्तलिखितं 700 पौंडांना घेतली. त्यात मायमोनिडीझ या मध्ययुगीन ज्यू पंडिताच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाची, त्याच्या स्वतःच्या सहीची प्रतही आहे!

पोथ्या मिळवायची त्यांची एक तऱ्हा ऐका. पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसच्या शोमरोनी (समॅरिटन, ज्यूंशी नातं सांगणारा छोटा पंथ) लोकांनी विचारलं, तुमच्या देशात आमचे भाऊबंद आहेत का? यांनी असं मोघम उत्तर दिलं, की त्या बिचाऱ्यांना वाटलं, आहेतच. आणि त्यांनी विलायतेतल्या त्या भावांसाठी धर्मग्रंथाची प्रत धाडली. भाऊ कुठले असायला! दरोडा नाही, बंदूक नाही. पण मला विचाराल तर शुद्ध फसवणूक.

दगड आहे इजिप्तमधल्या सक्काराच्या दफनभूमीतल्या शेरी नावाच्या माणसाच्या थडग्यातला, साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. शेरीही पुजाऱ्यांवरचा अधिकारीच. पेरिबसेन आणि सेनेद या केव्हाच गेलेल्या राजांची पूजाअर्चा त्याच्याकडे. म्हणजे आपण आपल्याच पेशातल्या माणसाचा दगड उचलून आणलाय, हे हंटिंग्टनना कळणं शक्य नव्हतं. इजिप्तची ती चित्रलिपी फ्रेंच पंडित शांपोलियोंने उलगडली 1822 मध्ये. थडग्याचे बाकीचे तुकडे कैरो, फ्लॉरेन्स असे पांगलेत.

अगदीच लुटीचा नमुना हवा असेल, तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे फिलिप हंट घ्या. तेही पाद्रीच, तुर्की सुलतानाच्या दरबारातले ब्रिटिश वकील लॉर्ड एल्गिन यांच्या वकिलातीतले. 1801 मध्ये इस्तंबूलहून फर्मान मिळवण्यात त्यांचा मोठा हात होता. त्याच्या जोरावर अथेन्सच्या पार्थेनन मंदिराची शिल्पं उतरवली गेली. त्यापुढे हंटिंग्टन साधेच म्हणायचे.

"मग परत द्यावं का?" हा पुढचा प्रश्न. माझ्या हातात असतं तर दगडाआधी नाब्लुसची पोथी परत केली असती.