स्टॅबिलायझरवर २२६ दिसत होतं, तरी एसी बंद

‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. धन्यवाद.’ बुधवारी संध्याकाळी सहाला हा मेसेज आला तेव्हा मी आईच्या खोलीच्या खिडकीला ओली चादर बांधत होते. एसी सोमवार दुपारपासून बंद होता आणि बाहेर ४५ अंश होतं. तो मेसेज मी अजून खोडलेला नाही.

आम्ही अकोल्याचे. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर यांवरच आमचे उन्हाळे निघाले. एसी घेतला तो फक्त आईसाठी. तिला ७९वं वर्ष आहे, आणि कूलरच्या दमट हवेत तिला धाप लागते. दीड टनाचा साधा स्प्लिट, इन्व्हर्टर नसलेला, सात वर्षं वापरातला. त्या सोमवारी रिमोट दाबला तर ‘टुक’ असा आवाजही आला नाही. दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही.

घरी करता येण्यासारखं सगळं मी केलं. रिमोटचे सेल बदलले. रिमोटचं पुढचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं, तर स्क्रीनवर जांभळट ठिपका चमकला, म्हणजे रिमोट ठीक. एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा सुरक्षेचा खटका, खाली पाडून परत वर केला. आतल्या युनिटचं पुढचं झाकण उचललं की उजवीकडे एक छोटं बटण असतं (प्रत्येक मॉडेलमध्ये जागा थोडी वेगळी), त्याने रिमोटशिवाय एसी सुरू होतो. तेही दाबलं. ढिम्म. स्टॅबिलायझर मात्र सुरू होता, त्यावर २२६ व्होल्टचा आकडा स्वच्छ दिसत होता. लाइट जाऊन आल्यावर बरेच स्टॅबिलायझर तीनेक मिनिटं पुढे वीज सोडत नाहीत, म्हणून मी दहा मिनिटं थांबूनही पाहिलं. वीज आहे, रिमोट आहे, म्हणजे बिघाड एसीतच, असं ठरवून मी कंपनीच्या सेवा क्रमांकावर फोन केला.

फोन करण्याआधी आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही युनिटांच्या स्टिकरचे फोटो काढून ठेवा. मला सिरीयल नंबर विचारला तेव्हा स्टुलावर चढून तो वाचेपर्यंत फोन कटला, आणि पुन्हा वीस मिनिटं रांगेत.

बुधवारी दुपारी तंत्रज्ञ आला. तरुण मुलगा, उन्हातून आलेला, त्याला मी आधी पाणी दिलं. त्याने झाकण काढलं, वायर जिथे आत येते त्या पट्टीवर टेस्टर लावला. टेस्टर पेटला. ‘सप्लाय येतोय मॅडम, पीसीबी गेलाय.’ म्हणजे एसीचं आतलं सर्किट बोर्ड. एवढंच. व्होल्टेज मोजायचा मीटर बाहेर काढला नाही, स्टॅबिलायझरकडे पाहिलंही नाही. पीसीबीचे ८,७०० रुपये, वर बसवण्याचे वेगळे, आणि पार्ट यायला आठ दिवस. भेटीचे ५९० रुपये लगेच. मग म्हणाला, ‘एक ओटीपी आला असेल, सांगा.’ मला वाटलं तो येऊन गेल्याची नोंद होत असेल. मी सांगितला. त्या ओटीपीने तक्रार बंद झाली.

इथे मी सगळ्यांना हात जोडून सांगते, एसी तुमच्या डोळ्यांदेखत गार हवा देत नाही तोवर ओटीपी देऊ नका. कशासाठी आहे ते विचारा, मेसेज पूर्ण वाचा. ‘कॉल बंद करण्यासाठी’ असं त्यात लिहिलेलं होतं. मी फक्त आकडे वाचले.

गुरुवारी सकाळी फोन केला. उत्तर मिळालं, ‘तुमची तक्रार सोडवलेली दिसते आहे.’ मी म्हटलं, एसी बंद आहे. ‘मग नवी तक्रार नोंदवावी लागेल.’ नव्या तक्रारीला नवा क्रमांक, भेटीची तारीख पुढच्या मंगळवारची, आणि ५९० रुपये पुन्हा. जुनी तक्रार उघडता येत नाही, वरिष्ठ मीटिंगमध्ये आहेत. दुपारी पुन्हा फोन, दुसरा आवाज, सगळी कहाणी पहिल्यापासून. त्या दिवशी मी चार वेळा बोलले. पाचव्यांदा आईने फोन माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला आणि म्हणाली, ‘मी समोरच्या खोलीत झोपते, तू जेव.’ समोरची खोली पश्चिमेची. तिथे रात्री दहालाही भिंती तापलेल्या असतात. त्या रात्री मी तिच्या पायांवर ओले नॅपकिन बदलत बसले, आणि मनात एकच येत होतं, त्या मुलाने दोन मिनिटं जास्त दिली असती तर!

शुक्रवारी सकाळी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार न सोडवता बंद केल्याची नोंद केली. सोबत मेसेजचा आणि ५९० च्या पावतीचा फोटो जोडला. हा क्रमांक मला गुरुवारीच आठवायला हवा होता.

शनिवारी आमच्या गल्लीतले वायरमन भाऊ कूलरची मोटर बघायला आले होते. मी सहज सगळं सांगितलं. त्यांनी एसीच्या पट्टीवर टेस्टर लावला, फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर, पेटला. मग शेजारच्या न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, लावला, तिथेही पेटला. ते एकदम थांबले. ‘ताई, फेज तं येऊन राह्यला, पण न्यूट्रल कुठी हाय?’

मला त्यांनी नीट समजावलं. टेस्टरचा दिवा पेटायला फक्त फेज पुरतो. न्यूट्रल तुटलेली असली तरी तो पेटतो, आणि उपकरणातून फेज उलटा फिरून न्यूट्रलच्या टोकालाही पोचतो. म्हणून दोन्हीकडे पेटलेला टेस्टर ही न्यूट्रल तुटल्याची खूण. खरी वीज पोचते का हे फेज आणि न्यूट्रलमध्ये मीटर लावल्याशिवाय कळत नाही. एमसीबी पाडून त्यांनी स्टॅबिलायझरचं झाकण उघडलं. आउटपुटच्या पट्टीवर न्यूट्रलचा स्क्रू ढिला, वायरच्या आतल्या तारा काळ्या पडलेल्या, पट्टी वितळलेली. समोरचा २२६ आकडा स्टॅबिलायझरच्या आतला. त्या पट्टीच्या पुढे काय झालंय ते त्याला दिसत नाही.

तेव्हा मला आठवलं. आठवडाभर आधी खोलीत खारवलेल्या मासळीसारखा वास येत होता. आमच्या घरी मासळी शिजत नाही, म्हणून मी खिडकीबाहेर काही मेलंय का ते शोधलं होतं. तो प्लास्टिकची पट्टी जळत असल्याचा वास होता. असा वास आला तर एसी लगेच बंद करा, एमसीबी पाडा आणि वायरमनला बोलवा, स्वतः झाकण उघडू नका. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, आणि तेवढा प्रवाह ढिल्या स्क्रूतून जात राहिला तर आग लागायला वेळ लागत नाही.

भाऊंनी जळालेली वायर सहा इंच कापली, टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबली, नवी पट्टी बसवली, बाकीचे स्क्रूही आवळले. ३५० रुपये. रिमोट दाबला आणि ‘टुक’ झालं. तीन मिनिटांनी बाहेरचा कॉम्प्रेसर घरघरला तेव्हा मी खरंच रडले. आई आत येऊन पलंगावर नुसती बसली, डोळे मिटून.

सोमवारी कंपनीतून फोन आला, १९१५ वरची तक्रार पोचली होती. आवाज या वेळी फार मऊ होता. ‘पीसीबी उद्याच बसवून देतो मॅडम.’ मी सांगितलं, पीसीबी चांगला आहे, माझे ५९० परत करा, आणि तुमच्या मुलांना मीटर लावून बघायला शिकवा. पैसे अकराव्या दिवशी खात्यात आले. वितळलेली पट्टी मी एका डबीत ठेवली आहे, पुढच्या वेळी येणाऱ्या तंत्रज्ञाला ती आधी दाखवणार आहे.