विंचेस्टरच्या जुन्या धर्मादाय हॉस्पिटलची दप्तरं बघायला जाणार असाल तर

मे महिन्यात दोन दिवस विंचेस्टरला जाऊन आले, खास तिथल्या हॉस्पिटलची जुनी दप्तरं बघायला. इंग्लंडमध्ये लंडनच्या बाहेर लोकवर्गणीतून उभं राहिलेलं पहिलं हॉस्पिटल हेच, 1736 सालचं. कॅथेड्रलमधल्या अल्युर्ड क्लार्क या पाद्र्याने पुढाकार घेतला, कोलब्रुक स्ट्रीटवर सुरुवात झाली, 1759 ला ते पार्चमेंट स्ट्रीटवर गेलं. क्लार्क पुढे एक्सेटरला डीन (तिथल्या कॅथेड्रलचा प्रमुख पाद्री) म्हणून गेला आणि तिथेही 1741 मध्ये त्याने हॉस्पिटल काढलंच.

लंडन वॉटर्लूवरून ट्रेनने साधारण तासभर लागतो. ही दप्तरं ठेवलेलं अभिलेखागार, हॅम्पशायर आर्काइव्हज, ससेक्स स्ट्रीटवर आहे, स्टेशनपासून चालत अगदी जवळ. कुठल्या वारी उघडं असतं ते वेबसाइटवर बघूनच तिकीट काढा, आणि फोटो आयडी नि पत्त्याचा पुरावा दोन्ही जवळ ठेवा. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल, बॅग लॉकरमध्ये. फोटो काढायचे तर आधी परवानगी विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरूनच ऑनलाइन कॅटलॉग बघून नंबर लिहून न्या, कारण मी पहिल्या दिवशी नुसतीच गेले आणि अर्धा दिवस काय मागवायचं हे ठरवण्यातच गेला. आणि पेशंटच्या वैयक्तिक नोंदी साधारण 100 वर्षं बंद असतात, त्यामुळे आजी-पणजीच्या काळातला केसपेपर मिळेल या आशेने जाऊ नका.

जुन्या मिनिट्सचं, म्हणजे बैठकांच्या नोंदींचं, पुस्तक स्पंजच्या उतारावर ठेवून देतात आणि पान उलटू नये म्हणून वर मण्यांच्या माळेसारखं वजन. तारखांकडे नीट बघा. 1752 च्या आधी तिथे वर्ष 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या पुढे 1736/7 (आजच्या हिशेबाने 1737) असं लिहिलेलं दिसतं. मला आधी ती कारकुनाची चूक वाटली होती. हिशोब वाचताना 12 पेन्स म्हणजे 1 शिलिंग, 20 शिलिंग म्हणजे 1 पाउंड आणि गिनी म्हणजे 21 शिलिंग एवढं पाठ असलं की पुरतं.

मनाला जे लागलं ते सांगते. वर्गणीदारांची नावं छापील अहवालात कशी ठळक, मानाप्रमाणे, नावापुढे रक्कम. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं ते पेशंट मात्र बहुतेक ठिकाणी नुसता आकडा: किती आले, किती बरे झाले, किती जणांना आराम पडला, किती असाध्य म्हणून परत पाठवले. त्या काळच्या अशा हॉस्पिटलांत आत यायला वर्गणीदाराची चिठ्ठी लागायची, अपघात झाला असेल तर तेवढी सूट. देवी आलेला, वेडसर, दिवस भरत आलेली बाई यांना दार बंद, लहान मुलांना मोठं ऑपरेशन असेल तरच. बरं झालं की चर्चमध्ये जाऊन आभार मानायचे. म्हणजे औषध फुकट, पण चिठ्ठी देणारा माहितीतला हवा. म्हणून तुम्ही गेलात तर अहवालांवर थांबू नका, साप्ताहिक बैठकांची मिनिट्स चाळा, कारण एखादा पेशंट नावानिशी भेटलाच तर तिथेच भेटेल, मग तो तक्रारीपुरता का असेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलची आत्ताची जागा बघायला रोम्सी रोडला गेले, चढ बराच आहे, चांगले बूट घाला. पार्चमेंट स्ट्रीटच्या जागेत जमिनीत सांडपाणी मुरलेलं, जखमा चिघळायच्या. फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या आईवडिलांचं घर रोम्सी गावाजवळच होतं, तिचा सल्ला घेतला गेला आणि हॉस्पिटल उंचावर मोकळ्या हवेत न्यायचं ठरलं. वास्तुविशारद विल्यम बटरफिल्डने बांधलेली लाल विटांची ती इमारत 1868 ची. ही माहिती असेल तर तो चढ चढताना जागा इथेच का निवडली ते पायांना कळतं. 5 जुलै 1948 ला हॉस्पिटल एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, गेलं आणि वर्गणीचा कारभार संपला. आजही ते चालू हॉस्पिटल आहे, तेव्हा बाहेरूनच बघा, पेशंटचे फोटो अजिबात काढू नका.

गाडी असेल तर रोम्सीजवळच्या ईस्ट वेलो गावात चर्चच्या आवारात नाइटिंगेलची समाधी आहे, तिथेही जाऊन या. 1910 साली तिला तिथे पुरलं, दगडावर पूर्ण नावसुद्धा नाही, फक्त आद्याक्षरं आणि जन्म-मृत्यूची सालं.