गुळगुळीत फरशी

२२ जून, रात्री

दिवे गेलेत. पावसाळ्यात आंजर्ल्यात हे लिहायचीसुद्धा गरज नाही म्हणा. मेणबत्तीच्या उजेडात बसलेय. बाबल्या, आमचा कुत्रा, हॉलच्या मधोमध झोपलाय, जिथे पडला तिथेच. उचलून हलवायची हिंमत झाली नाही.

त्याचा पाय काढून साडेसहाला पुण्याहून पोचलो. ताम्हिणीत समोरचं दिसत नव्हतं, माणगाव सोडल्यावर तर वायपरनं हात टेकले. मागच्या सीटवर सेहेचाळीस किलोंचं जनावर आडवं आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर. मांडी अजून बधिर आहे. अंगणात मात्र तो चक्क स्वतः उतरला. छातीखालून पंचा घालून मी एक टोक धरलं, नवऱ्यानं दुसरं, पण पंच्यावर फारसा भार आलाच नाही. जांभ्याच्या चार पायऱ्या त्यानं दोन उड्यांत संपवल्या. आई ओटीवर भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. ओवाळून टाकला आणि लगेच म्हणाल्या, "मांजरासाठी आणला होता."

मग तो हॉलमध्ये शिरला. उरलेला एकुलता पुढचा पाय फरशीवर टेकला आणि तेल लावल्यासारखा पुढे सरकत गेला. मागचे दोन दोन्हीकडे फाकले. थप्प असा आवाज झाला. छातीवर पडला, म्हणजे नेमका टाक्यांच्या बाजूला. ओरडला नाही. नुसता आमच्याकडे बघत राहिला, मग फरशीकडे.

ही फरशी माझी हौस. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पुढच्या भागाची कौलं उडाली, वासे मोडले, आगरातल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. पुढचा भाग नव्यानं बांधताना मीच हट्ट धरला की पाहुण्यांना चकचकीत लागतं, दारावर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ लिहायचं आणि आत मातीची जमीन, हे आता चालत नाही. बसवून झाल्यावर वाकून बघितलं तर फरशीत माझं तोंड दिसत होतं. केवढी खूश झाले होते.

२३ जून

रात्रभर जागी होते, तर मागचं थोडं लिहून ठेवते.

बाबल्या दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मिळाला. कर्द्याच्या बाजूला एका बंगल्याचा मालक बदलला, राखणदार गावी गेला, आणि हा चिकूच्या झाडाला साखळीनं बांधलेला राहिला. ग्रेट डेन. बरगड्या मोजता येत होत्या, दोन्ही कोपरांवर करवंटीसारखे घट्टे. सिमेंटवर झोपून झोपून होतात ते, एवढ्या वजनाच्या कुत्र्याला मऊ अंथरूण लागतं. घरी आणला तेव्हा आईंनी विचारलं, "अगो, वासरू आणलंस का?" कुत्रा आहे म्हटल्यावर नियम झाला: ओटीच्या वर यायचा नाही. तो नियम पहिल्या पावसात पडवीपर्यंत सरकला, थंडीत माजघरापर्यंत.

यंदा मेमध्ये तो उजव्या पुढच्या पायानं लंगडायला लागला. शिंपला लागला असेल म्हणून मी पाय धुतला, हळद लावली, आठ दिवस घालवले. हे आठ दिवस मला डाचतात, जरी डॉक्टर म्हणाले की त्यानं फरक पडला नसता. दुखण्याच्या औषधानं बरं वाटलं, मग वाटेना. मनगटाच्या जरा वर गाठ आली, कोकमाएवढी. दाबली तर हाडासारखी टणक. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला तेव्हा मला काही समजायची गरजच उरली नाही. आम्ही वाळवी लागलेले वासे बघितलेत. वरून शाबूत, आत भुगा. हाड तसं दिसत होतं.

हाडाचा कॅन्सर. मोठ्या जातींच्या कुत्र्यांमध्ये जास्त होतो, आणि मनगटाच्या वरची ही त्याची नेहमीची जागा. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. मी हसायला लागले तर पुण्याच्या डॉक्टरांनी थांबवलं. बहुतेक कुत्र्यांमध्ये दिसण्याआधीच तो फुप्फुसांपर्यंत पोचलेला असतो, म्हणाले, एवढ्या बारीक कणांनी की फोटोत येत नाही. पाय काढायचा तो कॅन्सर जावा म्हणून नाही, दुखणं जावं म्हणून. आणि पोखरलेलं हाड एखाद्या दिवशी पायरी उतरताना कडकन मोडेल, त्याच्या आत काढायचा.

मी विचारलं, एवढा मोठा कुत्रा, पुढचा पाय, जमेल का त्याला? अंगाचं साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, हे तोवर मीही वाचलं होतं. डॉक्टरांनी त्याचे बाकीचे तिन्ही पाय, खुबे, कोपर दाबून बघितले. मग त्याला कॉरिडॉरमध्ये चालवलं. "बघा ना," म्हणाले, "आत्ताही तो तिनावरच चालतोय. चौथा नुसता दुखतोय."

१८ तारखेला खांद्याच्या फऱ्यासकट पाय काढला.

इकडे सगळ्यांची मतं तयार होतीच. तीन पायांचा कुत्रा पाळून काय करणार. एक इंजेक्शन द्या, सुटेल बिचारा. चुलत दीर फोनवर म्हणाले, माणसांच्या ऑपरेशनला पैसे नसतात वहिनी, आणि तुम्ही कुत्र्याला पुण्याला नेता. याला माझ्याकडे उत्तर नाही. ते चुकीचं बोलत नाहीत. वादळानंतर लावलेल्या पोफळी अजून धड धरायला लागल्या नाहीत आणि पाहुण्यांचा सीझन मेअखेर संपला. तरी नेला.

२५ जून

बाबल्या रात्री रडतो. भुंकणं नाही, केकाटणं नाही, लहान मुलासारखा लांब हुंकार. कधी अंग झटकून उठतो आणि नसलेल्या पायाकडे वळून चाटायला बघतो. डॉक्टरांना फोन केला. भुलीचं आणि वेदनाशामकांचं थोडं असतं, थोडं तुटलेल्या नसांचं, पहिला आठवडा जाऊ द्या म्हणाले. नसांच्या दुखण्याच्या गोळीची वेळ आठ तासांची आहे, ती दहा मिनिटंही चुकवायची नाही. शेजारच्या काकू माणसांची अंगदुखीची गोळी घेऊन आल्या होत्या. अशा बऱ्याच गोळ्या कुत्र्यांना विष असतात. चहा पाजून परत पाठवलं.

खाणं बंद आहे. आमच्याकडे मासे शिजत नाहीत, बाबल्याची चूल आगरात वेगळी. पण या पावसात आगरात काय पेटणार? आईंनी आज स्वतःहून कोठीतून जुनं पातेलं काढून दिलं. "पडवीत स्टोव्हवर शिजव. पातेलं परत आत आणू नकोस म्हणजे झालं." हर्णैहून बांगडे मागवले, काटे काढून भातात कालवले. मी भरवल्यावर चार घास खाल्ले. पाचवा आईंच्या हातून खाल्ला. हा मी सविस्तर लिहिणार नाही, त्यांना आवडणार नाही.

पंचे वाळत नाहीत ही सगळ्यात मोठी अडचण. उठवायला पंचा, पुसायला पंचा, अंथरायला पंचा. सगळ्या घराला कुबट ओला वास मारतोय.

२९ जून

फरशीशी झुंज.

गोणपाटं टाकली. ती त्याच्यासकट सरकली. चादरी टाकल्या, त्या गोळा झाल्या. नवऱ्यानं मुलीची व्यायामाची रबरी चटई कापून तुकडे मांडले. त्यावर तो छान उभा राहिला, पण तुकडा संपला की पुढे जायला तयार नाही. पलीकडच्या तुकड्याकडे बघत थांबायचा, भरतीच्या वेळी खडकावर अडकल्यासारखा. शेवटी काथ्याची पायपुसणी. दापोलीच्या बाजारात होती तेवढी चौदा आणली आणि दाव्यानं एकमेकांना बांधून दारापासून पडवीपर्यंत वाट केली. काथ्या नखांना धरतो. या वाटेवरून तो आज पहिल्यांदा न पडता गेला. पंजातले केस आणि नखं कापली, त्याचाही उपयोग झाला.

आणि गंमत म्हणजे जुन्या पडवीत पोचल्यावर पुसणी लागतच नाहीत. तिथली जमीन अजून मातीची. शेणानं सारवलेली, किंचित खडबडीत, पाय ठेवला की ठेवला. तिथे तो वळतो, बसतो, उठतो. मी फरशी बसवली तेव्हा पडवीही करून टाक म्हणत होते. आई म्हणाल्या होत्या, "मी मेल्यावर कर."

३० जून

आई सकाळी सहाला उठून पडवी सारवून मोकळ्या. त्याच्यासाठी. ताजं हिरवं शेण, हाताच्या बोटांचे अर्धगोल एकाखाली एक. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं त्या खाली बसल्या नव्हत्या.

मी आनंदानं डॉक्टरांना फोटो पाठवला. लगेच फोन आला. टाके आहेत तोवर ताज्या शेणाजवळ नको, जखमेत गेलं तर काय होईल सांगता येत नाही, शिवाय माश्या येतात. पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. आता हे आईंना सांगायचं कुणी? मीच सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग, "आमच्या वेळी बाळंतिणीची खोली सारवायचे." आणि त्या बाळंतिणींचं काय व्हायचं तेही त्यांना माहीत आहे, त्यांची एक जाऊ अशीच गेली. मी ते बोलले नाही. जमीन खडखडीत वाळेपर्यंत तीन दिवस थांबायचं, मग वर धुतलेली जाड चादर, चारही बाजूंनी जांभ्याचे दगड ठेवून ताणलेली. दोघींचंही राहिलं.

२ जुलै

चौदा दिवस झाले. दापोलीच्या डॉक्टरांनी धातूच्या पिना काढल्या, एकोणतीस. खाली पाण्याची पिशवी साठली होती ती आपोआप बसतेय. केस उगवायला लागलेत, करडे, मखमलीसारखे.

आज लघवीचा प्रश्नही सुटला, त्याच्या परीनं. इतके दिवस मागचा पाय उचलायला जायचा आणि तोल जाऊन बसायचा, मग कुत्रीसारखा वाकून उरकायचा आणि आमच्याकडे न बघता निघायचा. आज आगरात माडासमोर उभा राहिला. विचार करत होता, हे स्पष्ट दिसत होतं. मग उजवी बाजू, जिथे आता पाय नाही ती, माडाच्या बुंध्याला टेकवली, सगळं वजन माडावर टाकलं, आणि मागचा पाय थाटात वर केला. माड आमचा शंभर नारळ देणारा. यंदा काय देतो बघू.

६ जुलै

तपासणीला पाठवलेल्या पायाचा रिपोर्ट आला. तोच.

नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने. वर केमो दिली तर साधारण दहा महिने ते वर्ष. काही दोन वर्षं काढतात, थोडेच. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून कार्बोप्लॅटिन, चार वेळा, मध्ये दापोलीत रक्त तपासायचं. कुत्र्यांना माणसांसारखा त्रास होत नाही, कारण मात्रा बरी करण्याच्या हिशेबानं देतच नाहीत, बरं जगण्याच्या हिशेबानं देतात.

नवऱ्यानं कागदावर चार फेऱ्या, पेट्रोल, औषध मांडलं. बेरजेखाली रेघ ओढली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी त्याच कागदाच्या मागे पहिल्या फेरीची तारीख लिहिली.

१९ जुलै

पहिल्या केमोला बारा दिवस झाले. दोन दिवस सुस्त होता, एकदा उलटी. पहिले तीन दिवस त्याचं सगळं हातमोजे घालून साफ करायचं होतं. मग एका सकाळी पायपुसणीच तोंडात धरून ओढत ओटीवर आला.

पाखाडी मात्र नाही. चढतो, उतरत नाही. उतरताना सगळं अंग त्या एका पायावर येतं, वरच्या पायरीवरून खाली बघतो आणि कुईं करतो. समुद्राकडे गाडीरस्त्यानं लांबून नेते. ओल्या, दाबलेल्या वाळूवर पन्नास पावलं पळाला. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुतला की दमतो, लगेच बसतो. वाळूत तीन पावलांचा माग आणि मध्ये मोकळी जागा. एरवी फेब्रुवारीत कासवांच्या घरट्यांमुळे त्याला किनाऱ्यावर न्यायची चोरी असते, अंडी उकरायची भीती. उजव्या पायानं उकरायचा तो.

२९ जुलै

परवा दुसरी केमो झाली.

आज गवंडी आला होता. मीच बोलावलं. हॉलमध्ये चकचकीत फरशीवरच शहाबादी टाकायची, पॉलिश न केलेली, खडबडीत बाजू वर. गणपतीच्या आत. नवरा म्हणाला, "वर्षभरासाठी?" तो वाईट अर्थानं म्हणाला नाही, हिशेबानं म्हणाला. आणि त्यालाच पुढे सुचलं की उंची वाढेल, दारं खालून तासावी लागतील.

"वहिनी, लोक गुळगुळीत करून मागतात," गवंडी म्हणाला. "ही पुसायला त्रास होईल. पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुण्यांना चपला घालू दे," आई आतून म्हणाल्या.

त्यानं खांदे उडवले आणि टेप काढला. बाबल्या मधोमध, पुसण्यांच्या वाटेवर आडवा पसरून घोरत होता, शेपटी एका भिंतीकडे, नाक दुसऱ्या. "याला जरा उठवता का? माप घ्यायचंय."

मी म्हटलं, राहू दे, त्याच्यावरून घ्या. गवंड्यानं टेपचं टोक आईंच्या हातात दिलं, त्यांनी ते भिंतीशी दाबून धरलं, आणि तो दुसरं टोक हातात धरून बाबल्याला ओलांडून पलीकडे गेला.