कादंबरी दोघांची, तर पात्रं वाटून घ्या

नवरा-बायकोनं मिळून कादंबरी लिहायची ठरवली की आधी प्रकरणं वाटली जातात: एक तुझं, एक माझं. हीच वाटणी पुढं नडते. तिनं तिसऱ्या प्रकरणात अबोल ठेवलेली सासू त्याच्या चौथ्यात येऊन दोन पानं भाषण ठोकते, आणि वाक्यावरून जुंपते. वाटायची तर पात्रं वाटावीत. सासू तिची, तर सासू काय बोलेल आणि काय गिळेल हे तीच ठरवणार. ते प्रकरण लिहायला कोण बसलंय, याचा संबंध नाही.

सुरुवातीला पात्रामागं एक पान पुरतं. वय, गाव, काय लपवतो, शेवटी कुठं पोचतो, आणि कुणाला काय हाक मारतो. हाकेचा रकाना हलक्यात घेऊ नये. पहिल्या प्रकरणात नवऱ्याला 'अहो' म्हणणारी बाई सातव्यात 'अरे' म्हणाली, तर मधे काय बिनसलं हे वाचक शोधत बसतो. बोलीचंही तसंच. सांगलीकडच्या कितीतरी बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. जोडीदार पुण्याकडचा असेल तर चूक समजून 'येते', 'जाते' करून मोकळा होतो. निवेदन प्रमाण भाषेत की बोलीत, आणि कुणाची बोली किती गडद, हे त्याच पानावर लिहावं.

वाद झाला की आधी तो कसला आहे ते बघायचं. माहितीचा वाद असेल तर बोलून सुटत नाही, शोधावं लागतं. समजा, कथा 2019च्या महापुरातल्या सांगलीची आहे. त्याला हळदीचा व्यापारी सांगलीजवळच्या हरिपूरच्या भरल्या पेवापाशी उभा हवाय, तिला ते पटत नाही. इथं आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. पेवं म्हणजे जमिनीखालची हळदीची कोठारं, आणि 2005च्या पुरात त्यांची मोठी हानी झाली. मग कथा त्याआधी न्या, नाहीतर माल गोदामात ठेवा. अशा कथेच्या तक्त्यात तारीख, प्रसंग आणि कोण कुठं यांच्या जोडीला पाण्याच्या पातळीचा रकाना हवाच. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा, 45ला धोका. 2019च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेलं. 43 फुटांच्या दिवशी नायक घरात अडकवायचा असेल, तर घर सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल भागातच पाहिजे. उंचावरच्या बंगल्यात तो निवांत चहा पीत बसेल.

खरा आवडीचा वाद उरला, तर दोघांनी तोच प्रसंग तीनशे शब्दांत आपापला लिहायचा. मग अदलाबदल करून मोठ्यानं वाचायचा. आपलं लिहिलेलं आपण सावरून वाचतो. समोरचा अडखळतो तिथं खोट असते. निकाल दुसऱ्या दिवशी. 'थोडं तुझं, थोडं माझं' हा तोडगा सगळ्यांत वाईट, कारण मरणारं पात्र अर्धं मरत नाही. तरीही अडलं तर पात्र ज्याचं, त्याचा शब्द अखेरचा. दुसऱ्याला तो मोडता येतो, पण अख्ख्या पुस्तकात तीनदाच, आणि वहीत तारीख टाकून. तीनच संधी असल्या की विशेषणापायी कुणी त्या उधळत नाही. आणि जेवताना हा विषय नको. भाकरी गार होते, प्रसंग तिथंच राहतो.

पहिला खर्डा जुळला की एकानंच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हात फिरवायचा, दुसऱ्यानं तोवर फक्त शेरे लिहायचे. गूगल डॉक्समध्ये त्यासाठी सूचनांची सोय आहे. थेट खोडाखोड केली की कुणाचं काय गेलं हे जुन्या आवृत्त्यांच्या इतिहासात उकरत बसावं लागतं.

हक्काचंही आधीच बोलून घ्यावं. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार दोघांचा वाटा वेगळा काढता येत नसेल, तर ती संयुक्त कृती ठरते, आणि हक्काची 60 वर्षं दोघांतलं जो मागं राहील त्याच्या मृत्यूनंतर मोजली जातात.

पात्राचं नाव बदलायचं ठरलं, तर 'सगळीकडं बदला'चं बटण दाबू नका. 'राम'चा 'विठू' केला की 'आराम'चा 'आविठू' होतो, आणि 'रामराम पाव्हणं' म्हणणारा म्हातारा 'विठूविठू पाव्हणं' म्हणू लागतो. एकेक जागा बघूनच बदलायची. पुरुषपात्राची बाई केली, तर एकेक क्रियापद हातानंच.