शाफ्टला गेलेली भेग

गोव्यात पेडण्याला माझं फॅब्रिकेशनचं, म्हणजे लोखंडी जोडकामाचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेड ही रोजची कामं. पावसाळा तोंडावर आला की सगळ्यांना शेड हवी असते आणि तीही कालच. अशाच गडबडीत भाई पिकअपमधून एक पवनचक्की घेऊन आले.

भाई निवृत्त वायरमन. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर, त्यांची काजूची बागायत आहे, तिथल्या खोपीपर्यंत वीज पोचलेली नाही. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळात झाडं पडून गावातलीही वीज गेली, तेव्हापासून त्यांनी चक्कीचा ध्यास घेतला होता. २०० लिटरची दोन पिंपं उभी चिरून, अर्धी अर्धी ‘एस’ अक्षरासारखी जोडून त्यांनी एकावर एक दोन मजले चढवले होते. खाली वीज तयार करायला जुन्या ई-स्कूटरची हब मोटर, म्हणजे चाकातच बसवलेली मोटर. वाऱ्याने फिरणारा भाग म्हणजे रोटर; हा सावोनियस जातीचा, १९२०च्या दशकात फिनलंडच्या सिगुर्ड सावोनियस यांनी काढलेला. सड्यावर झाडांमुळे वारा सारखी दिशा बदलतो. उभ्या आसाच्या चक्कीला त्याचं काही वाटत नाही, तोंड फिरवावं लागत नाही. भाईंची निवड अगदी बरोबर होती.

“खटखट वाजतंय. बेअरिंग गेलं असणार, बदलून दे,” भाई म्हणाले.

मी हाताने फिरवून पाहिलं. बेअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. पण रोटर वरून धरून हलवला की बुडाशी, फ्लँजच्या (जोडाच्या तबकडीच्या) वेल्डिंगजवळ, किंचित झोल जाणवत होता. तिथला रंग खरवडला, रॉकेल लावलं, कोरडं पुसून घेतलं आणि वर खडू घासला. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर केसासारखी काळी रेघ उमटली. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर आलं होतं. रेघ शाफ्टच्या, म्हणजे रोटर ज्यावर फिरतो त्या दांड्याच्या, अर्ध्याहून जास्त घेराला वळसा घालून गेली होती.

रोटर सोडवून शाफ्ट व्हाइसमध्ये धरला आणि हातोडा घातला. तुटला. तुटलेलं तोंड मी भाईंच्या हातात दिलं. बहुतेक भाग गुळगुळीत, गंजाने तांबूस, त्यावर एकामागे एक बारीक कमानी. एका कडेला मात्र करंगळीच्या नखाएवढा भाग खरखरीत, चकचकीत. गंजलेलं सगळं आधीच तुटलेलं होतं. दोन्ही पिंपं त्या नखाएवढ्या लोखंडावर उभी होती आणि खाली भाईंची नातवंडं खेळायची. माझ्या अंगावर काटा आला.

भाईंना वाटलं, एखाद्या झोताने दणका दिला असेल. तसं नव्हतं. वारा एकाच बाजूने ढकलतो आणि शाफ्ट फिरत असतो, म्हणून प्रत्येक फेऱ्याला त्याची एकेक बाजू ताणली जाते, मग दाबली जाते. मिनिटाला ७० फेरे धरले तरी दिवसरात्रीत लाखभर वेळा. मऊ वाऱ्यातसुद्धा हे चालूच असतं.

“मग पंचवीस मिमीच्या जागी चाळीसचा शाफ्ट घाल,” भाई म्हणाले. हिशेबाने ते चूक नव्हतं. व्यासाच्या घनाने ताकद वाढते, म्हणजे चौपटीच्या वर. पण शाफ्ट वाचला तर तोच वाक खाली खांबाच्या वेल्डिंगवर जाणार. मूळ दुखणं वेगळं होतं: रोटर फक्त बुडाशी धरलेला होता, वरचं टोक मोकळं. दोन्ही टोकं धरली की शाफ्टवरचा वाक चौथ्या हिश्शावर येतो. मला हेच करायचं होतं आणि मी शेडची कामं बाजूला ठेवली.

चौकोनी पाइपचा चार खांबी पिंजरा केला. त्याच्या माथ्यावर सेल्फ-अलाइनिंग बेअरिंग बसवलं, कारण हाताने केलेला पिंजरा सुतात शंभर टक्के येत नाही. ताणाच्या तारा पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यांतून, ताण कमीजास्त करायला टर्नबकल घालून. पिंपांच्या मोकळ्या कडा वाऱ्यात फडफडायच्या, तिथे १० मिमीची सळी वाकवून वेल्ड केली. वर, मध्ये आणि खाली पत्र्याच्या तबकड्या लावल्या. त्यांनी आकार धरून राहतो आणि वारा कडेने निसटत नाही. दोन मजले एकमेकांशी काटकोनात फिरवले, म्हणजे एक अडला तरी दुसरा ओढतो. मग रोटर दोन अँगलच्या धारेवर आडवा ठेवून जड बाजू शोधली आणि समोरच्या बाजूला वॉशर लावत गेलो, तो कुठेही सोडला तरी स्थिर राहीपर्यंत. या कामात घाई केली की बाकीची मजबुती वाया जाते.

सड्यावर उभं केलं तेव्हा दुपारचा खारा वारा सुटला होता. भाईंनी मोटरच्या तिन्ही वायरी एकत्र जोडून ठेवल्या होत्या, तोच ब्रेक. त्या सोडवल्या आणि रोटर आवाज न करता फिरू लागला. पिंजऱ्याला हात लावून पाहिला, थरथर नाही. मीटरवर वीसेक वॅट. सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात एवढ्या रोटरकडून तेवढीच अपेक्षा धरावी. खोपीतले दोन एलईडी, मोबाइल आणि बॅटरीत थोडी शिल्लक, बस.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून वादळाचा इशारा आला की नुसत्या वायरी जोडून भागणार नाही, रोटर दोरखंडाने पिंजऱ्याला बांधायचा, हे मी भाईंकडून दोनदा वदवून घेतलं. पाऊस उघडला की तारांचा ताण आणि वेल्डिंगच्या कडा तपासायला मी स्वतः जाणार आहे. रॉकेल आणि खडू घेऊन.